लाल ही होगी

लिफ्टचं दार मिटता मिटता बाहेरून एक हात आत आला, दार पुन्हा उघडलं आणि आजोबा आत शिरले. पांढरे स्पोर्ट्स शूज, तपकिरी पँट, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं हातानं विणलेलं स्वेटर, आणि आवळ्याच्या तेलाचा तो वास, जो परदेशात अवचित आला की थेट आपल्या कुणाच्या तरी घरात नेऊन उभं करतो. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. दोन्ही हात जोडून म्हणाले, "नमस्ते बेटा. आप कहाँ से?" मी मान वळवली आणि दारावरचे आकडे पाहत राहिले. चार. तीन. दोन.

मी उत्तर दिलं नाही.

बोट मात्र आपसूक छातीवरच्या बिल्ल्याकडे गेलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'ज्युरर' असं छापलेलं होतं. दोनदा टिचकी मारून तो दाखवला, निदान त्यांना कळावं म्हणून. काय कळलं कुणास ठाऊक. जोडलेले हात त्यांनी हळूच सोडले आणि स्वेटरच्या खिशात घातले. तळमजला आला तेव्हा बाजूला सरून त्यांनी मलाच आधी बाहेर जाऊ दिलं. आपल्याकडे मोठ्या माणसानं आधी हात जोडले तर आपल्याला अवघडायला होतं, आपण वाकतो, "अहो, तुम्ही कशाला" म्हणतो. मी भिंतीसारखी उभी राहिले होते. नियमाप्रमाणे बरोबर वागले होते. या गोष्टीला आता कितीतरी महिने झाले, पण अजूनही कुठल्याही लिफ्टमध्ये एकटी असले की तो तपकिरी बाहीचा हात दारातून आत येतो.

ज्युरी ड्युटीचं पत्र, म्हणजे खटल्याचा निवाडा करायला साध्या नागरिकांना येणारं कोर्टाचं बोलावणं, आलं की आपल्या लोकांत पहिला प्रश्न असतो, कसं टाळायचं. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं आणि तासाभरात दहा युक्त्या येतात. इंग्रजी येत नाही म्हण, मतं फार ठाम आहेत म्हण, भारताचं तिकीट काढलंय म्हण. मला ते कधीच आवडलं नाही. याआधी दोनदा मला पत्र आलं होतं आणि दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी पाचनंतर फोन लावल्यावर कळलं, तुमच्या गटाची गरज नाही. दोन्ही वेळा मी खरोखर हिरमुसले होते. याच अमेरिकेत १९२३ साली सुप्रीम कोर्टानं ठरवलं होतं की हिंदुस्थानी माणूस इथला नागरिक होऊच शकत नाही, आणि ते दार १९४६ मध्ये उघडलं. नागरिक नाही म्हणजे ज्युरीतही नाही. आपल्याला बोलावणं येतं ही साधी गोष्ट नाही, असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या खेपेला माझा गट लागला तेव्हा मी रात्रीच पर्स भरून ठेवली. पुस्तक, चार्जर, शाल. कोर्टात एसी फार असतो असं सगळे सांगत होते. क्रोशाची सुई तेवढी घरी ठेवली, कारण टोकदार काही चालत नाही. सकाळी मेटल डिटेक्टरपाशी माझा स्टीलचा डबा मशीनमधून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी उघडून दाखवावा लागला. मेथीची भाजी आणि घडीच्या पोळ्या. गार्डनं वाकून वास घेतला आणि मनापासून हसला.

ज्युरीच्या प्रतीक्षागृहाचं वर्णन करायचं तर एसटी स्टँड आणि दवाखान्याची बाहेरची खोली यांच्या मधलं काहीतरी म्हणावं लागेल. एकमेकींना अडकवलेल्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर वायफायचा पासवर्ड, कोपऱ्यात नाणी गिळणारं बिस्किटांचं मशीन, आणि एका टेबलावर अर्धवट लावलेलं गोल्डन गेट पुलाचं चित्रकोडं. येणारा प्रत्येक जण जाता जाता एखादा तुकडा बसवायचा. काल दुसऱ्या कुणी तरी लावलेलं पाणी, आज आम्ही लावतोय ते आभाळ. मला ते टेबल फार आवडलं. सकाळी साडेआठ ते साडेअकरा आम्ही दीडशे माणसं तिथं नुसती बसून होतो. नावं पुकारणाऱ्या बाईंनी माझ्या आडनावाचे तीन तुकडे केले, मग माझ्याकडे पाहून ओशाळं हसल्या आणि चौथ्या वेळी बरोबर उच्चारलं.

माझ्या शेजारी एक पोरगेलासा मुलगा बसला होता, ताशी पगारावर गोदामात काम करणारा. सबंध वेळ तो एकच फॉर्म पुढे-मागे करत होता. इथं कॅलिफोर्नियात ज्युरीला पहिल्या दिवसाचं काही मिळत नाही. दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर आणि मैलामागे ३४ सेंट. ज्युरीला गेला म्हणून मालकाला नोकरीवरून काढता येत नाही, पण त्या दिवसांचा पगार द्यायचं बंधनही मालकावर नाही. माझी कंपनी देते, म्हणून मी निवांत पुस्तक वाचत होते. त्याला मात्र खटला लांबला तर खोलीचं भाडं भरता येणार नव्हतं. दुपारी त्याची अडचण मान्य झाली, पाठीवर सॅक टाकून तो गेला. जाताना मला म्हणाला, मला बसायला आवडलं असतं. सॅन फ्रान्सिस्कोनं २०२२ मध्ये कमी मिळकतीच्या लोकांना फौजदारी खटल्यांत ज्युरी म्हणून बसण्याचे दिवसाला १०० डॉलर देऊन पाहायला सुरुवात केली. असं सगळीकडे व्हायला हवं. पगारी रजा मिळणारेच फक्त न्यायाला बसणार असतील तर 'पाचामुखी परमेश्वर' म्हणताना ते पाच जण कुठून आले हेही बघायला नको का?

दुपारनंतर आम्हाला वर नेलं. मोटारींच्या टकरीचा दिवाणी दावा होता. चौकात दोन गाड्या आदळल्या, चालवणाऱ्या बाईंचं मनगट मोडलं, आणि लाल सिग्नल असताना घुसलं कोण, एवढाच मुद्दा. निवड सुरू झाली. कुठं काम करता, घरी कोण असतं, कधी अपघात झालाय का, विम्याच्या कंपन्यांबद्दल मनात काही आहे का. मग न्यायाधीश म्हणाल्या, एका साक्षीदाराची साक्ष हिंदीत होईल, दुभाषी असेल. तुमच्यापैकी कुणाला हिंदी समजतं? मी हात वर केला. त्यांनी विचारलं, साक्षीदाराचं बोलणं तुम्हाला थेट समजलं तरी तुम्ही दुभाष्याचं भाषांतरच पुरावा म्हणून धराल ना? इतर ज्युरींना स्वतः अर्थ सांगणार नाही ना? भाषांतरात चूक वाटली तर लगेच चिठ्ठी लिहून मला कळवायची, दुसरं काही करायचं नाही. मी म्हटलं, हो. एका श्वासात म्हटलं. इतकं सोपं वाटलं मला ते.

शपथ झाली. फक्त समोर आलेल्या पुराव्यावर आणि कोर्टानं सांगितलेल्या कायद्यावर खरा निवाडा देऊ, असा तिचा अर्थ. आम्ही बारा आणि दोन राखीव. मी सात नंबर. प्रत्येकाला एक वही आणि पेन्सिल मिळाली, वहीवर नावाऐवजी नंबर. ती घरी न्यायची नाही, संध्याकाळी खुर्चीवरच ठेवायची. खटल्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही, आपापसांतसुद्धा नाही, शेवटी दार बंद करून चर्चेला बसेपर्यंत. नेटवर शोधायचं नाही. अपघाताच्या जागी जायचं नाही, रोजचा रस्ता तिथूनच असेल तर दुसरा रस्ता धरायचा. रात्री नवऱ्यानं आमटी वाढता वाढता विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, सांगता येत नाही. तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं असेन. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प जेवलो.

नियमांच्या कागदावर हे सगळं दोन पानांत मावतं. पार्किंगची पावती कुठं शिक्का मारून घ्यायची, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर, हाफ पँट चालत नाही, वगैरे. वाचताना वाटतं, शाळेच्या सहलीच्या सूचना आहेत. पण खुर्चीत बसल्यावर कळलं की त्यातली प्रत्येक ओळ आपल्याकडून काहीतरी काढून घेते. फोन काढून घेते, सवयी काढून घेते, घरच्याशी बोलणं काढून घेते. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कानात बसलेली भाषासुद्धा काढून घ्यायला बघत होती.

तिसऱ्या दिवशी आजोबा साक्षीला आले. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, रोज संध्याकाळी जेवणाआधी फिरायला जाणारे. आपल्याला असे आजी-आजोबा इथल्या प्रत्येक उपनगरात दिसतात. रुंद, रिकाम्या फुटपाथवर सावकाश चालणारे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक देशी चेहऱ्याकडे आशेनं पाहणारे. टक्कर झाली तेव्हा ते त्या कोपऱ्यावर उभे होते. दुभाषी बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून भाषांतर करत होत्या. दुभाष्यानं नेहमी साक्षीदाराच्या तोंडूनच बोलायचं असतं, त्यामुळे पस्तिशीच्या त्या बाई शांतपणे सांगत होत्या, मी ७४ वर्षांचा आहे, मी रेल्वेतून निवृत्त झालो. बाकीचे अकरा जण त्या बाईंकडे पाहत होते. मी एकटी आजोबांकडे पाहत होते.

वकिलांनी विचारलं, आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांचा सिग्नल त्या क्षणी कुठल्या रंगाचा होता? आजोबांनी डोळे किंचित बारीक केले, जणू पुन्हा तिथं जाऊन उभे राहिले. म्हणाले, "बत्ती तो लाल ही होगी जी."

दुभाषी म्हणाल्या, "द लाइट वॉज रेड."

पुढचा प्रश्न सुरूही झाला. पेन्सिली कागदावर खरखरल्या, अकरा वह्यांत बहुधा 'रेड' असं लिहिलं गेलं. मी माझ्या वहीत देवनागरीत एकच शब्द लिहिला, 'होगी', आणि त्याखाली रेघ ओढली. लाल होती आणि लालच असणार. यात किती अंतर आहे? आमच्या चाळीत जिन्यावर चपलांचा आवाज झाला की आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहूनच म्हणायची, "बाबा आले असणार." न बघता. आणि बाबाच असायचे. पण हीच आई एखादी वस्तू सापडत नसली की म्हणायची, "असेल तिथंच कुठंतरी," आणि ती तिथं कधीच नसायची. शब्द तोच, एकदा खात्री, एकदा नुसती समजूत. आजोबांचं 'होगी' कुठलं? त्यांनी लाल दिवा पाहिला होता की नव्हता? पुढची पंधरा मिनिटं त्यांची साक्ष चालली होती, दुभाषी बोलत होत्या, आणि मला त्यातलं काही नीट आठवत नाही. मग जेवणाची सुट्टी झाली. आणि लिफ्ट आली.

बाहेर अंगणातल्या बाकावर बसून डबा उघडला, पण घास उतरेना. आजोबांना उत्तर दिलं नाही याची टोचणी एकीकडे, आणि दुसरीकडे तो शब्द. मी कुणाला विचारू शकत नव्हते. जन्मभर अडलं की आपण कुणाला तरी विचारतो, आईला, मैत्रिणीला, नाहीतर फोनला. "लगेच कळवा" असं न्यायाधीशांनी सांगितलं होतं, आणि मी तर तास घालवला होता. हिंदी ही काही माझी मातृभाषा नाही, मुंबईची हिंदी माझी, मग त्या बाईंपेक्षा मला जास्त कळतं हे कशावरून? आणि चिठ्ठी दिली तर आजोबांची साक्ष लुळी पडेल. मनगट मोडलेल्या बाई समोर बसल्या होत्या, रोज त्याच निळ्या पट्ट्यातला हात मांडीवर ठेवून. दिली नाही, तर अकरा जण जो पुरावा तोलणार तो मला खोटा ठाऊक असेल. चर्चेला बसल्यावर मी आपणहून सांगितलं, की मुळात ते असं म्हणाले होते, तर मीच एक साक्षीदार होईन, जिची उलटतपासणी कुणी घेतलेली नाही. तो नियम का आहे हे मला त्या बाकावर नीट समजलं, आणि समजल्यामुळे काहीच सोपं झालं नाही.

सुट्टी संपताच मी चिठ्ठी लिहिली. साक्षीदारांच्या एका उत्तराचं भाषांतर मला निराळं वाटलं, सिग्नलच्या रंगाचा प्रश्न पुन्हा विचारता येईल का, ज्युरर नंबर सात. बेलिफनं ती घेतली, न्यायाधीशांना दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. वकिलांना जवळ बोलावलं. आम्हाला ज्युरीच्या खोलीत पाठवलं.

त्या खोलीत बारा खुर्च्या, लांब टेबल, कॉफीचं मशीन, आणि खटल्याबद्दल बोलायचं नाही म्हणून मुलांच्या कॉलेजबद्दल बोलणारी माणसं. कुणी मला काही विचारलं नाही. मी खिडकीशी बसले, आणि मला बाबा आठवले. ते हायकोर्टातल्या एका वकिलांकडे कारकून होते. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका सुट्टीत त्यांनी मला टिळकांवर खटला चालला ती खोली दाखवायला नेलं होतं. लाकडाला पॉलिशचा वास, उंच छत, दारापाशी लावलेला संगमरवर. टिळकांचे ते शब्द बाबांनी मला वाचून दाखवले, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. पण नंतर फोर्टमध्ये उसाचा रस पिताना बाबा जे म्हणाले ते मला जास्त लागलं होतं. ते म्हणाले, लेख मराठीत, आणि निकाल करणारे भाषांतरावर. १९०८ च्या त्या ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. खास ज्युरी नको, त्यात मराठी न जाणणाऱ्यांचाच भरणा होईल, हे टिळकांच्या बाजूनं आधीच सांगून झालं होतं. 'केसरी'तले अग्रलेख इंग्रजीत करून त्यांच्यापुढे ठेवले गेले, आणि टिळकांनी सरकारी भाषांतरकाराला एकेका मराठी शब्दाच्या छटेवरून उलटतपासणीत धरलं. दिवसच्या दिवस शब्दांवर बोलले. रात्री निकाल लागला, सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी. बाबा रसाचा पेला उलटा ठेवत म्हणाले होते, "बाळ, एकाला जरी नीट मराठी येत असतं तर." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

आणि मी इथं, एका किरकोळ मोटार अपघाताच्या दाव्यात, साक्षीदाराची भाषा कळणारी एकटी. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही हे मला माहीत आहे. तरी त्या खिडकीशी बाबांचं ते अर्धं वाक्य मला फार जड झालं. बाबांना वाटायचं, कळणारा एक जण आत हवा. माझ्यापुढचा नियम सांगत होता, कळत असेल तर ते बाजूला ठेव. मला दोन्ही पटत होतं.

पाऊण तासानं बोलावलं. आम्ही रांगेनं आत गेलो, वकील उठून उभे राहिले. न्यायाधीश म्हणाल्या, दोन्ही पक्षांत तडजोड झाली आहे, दावा संपला. तुम्ही निकाल दिला नाहीत म्हणून तुमचे दिवस वाया गेले असं समजू नका. तुम्ही इथं बसला होतात म्हणूनच पुष्कळदा माणसं तडजोडीला येतात. आता तुम्ही मोकळे आहात, हव्या त्या माणसाशी बोला, नको असेल तर बोलू नका. माझ्या चिठ्ठीचा उल्लेख झाला नाही. तिच्यामुळे तडजोड झाली, की जेवणाच्या सुट्टीतच झाली होती, की त्या आकड्यावर ते आधीच आले होते, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणजे मार्ग होता. बाहेर एक वकील ज्युरींशी बोलायला थांबले होते, ओळखीचं हसतही होते, कारण आता त्यांना हसण्याची परवानगी होती. पण मी त्यांना विचारायला थांबले नाही. मी धावत लिफ्टकडे गेले. तळमजल्यावरचा बाक रिकामा होता. बाहेर पायऱ्यांवर, पार्किंगमध्ये, रस्त्यापलीकडच्या बस थांब्यावर, सगळीकडे पाहिलं. आजोबा दुपारीच गेले होते. "बेटा आप कहाँ से" याचं उत्तर माझ्याजवळच राहिलं. दादरची, आजोबा. हिंदू कॉलनीच्या मागची.

बिल्ला एका प्लास्टिकच्या टोपलीत टाकला. वही खुर्चीवरच राहिली होती. त्या नंतर कापून टाकतात असं बेलिफ म्हणाला. माझा एकुलता एक देवनागरी शब्द त्या कपट्यांत गेला.

बऱ्याच आठवड्यांनी एका रविवारी संध्याकाळी मी त्या चौकात गेले. आता जायला हरकत नव्हती. गाडी लांब लावली आणि आजोबांनी दाखवलं होतं त्या कोपऱ्यावर, फोटोत लाल टाचणी लावलेल्या जागी, जाऊन उभी राहिले. ऊन उतरलं होतं. आडव्या रस्त्याच्या सिग्नलकडे पाहिलं. दिव्यांना काळ्या झापडा लावलेल्या, तोंडं येणाऱ्या गाड्यांकडे, आणि मधे एका झाडाची फांदी. मी एक पाऊल पुढे झाले, मागे झाले, टाचा उंचावल्या. त्या कोपऱ्यावरून तो दिवा कुणालाच दिसला नसता.

खांबावरचं बटण दाबलं. समोर लाल पंजा होता. गाड्या सुसाट जात होत्या, वाऱ्यानं ओढणी उडत होती. मग पंजा गेला आणि चालणारा पांढरा माणूस उमटला. समोर तो उमटला म्हणजे आडव्या रस्त्याला लालच असणार. जिन्यावर चपला वाजल्या म्हणजे बाबा आले असणार. एक गाडी कुरकुरत थांबली, दुसरी तिच्या मागे थांबली. त्यांच्यापुढचा दिवा मला अजूनही दिसत नव्हता.

मी फुटपाथवरून खाली उतरले आणि रस्ता ओलांडायला लागले.